आयर्लंडच्या लाकडी होड्या आणि आपण

आयर्लंड हे नाव आपल्या वाचकांना अगदीच परके नाही. आपल्या कितीतरी लेकी-सुना ज्या लोरेटो शाळांतून शिकल्या, त्या शाळा आयर्लंडहून आलेल्या भगिनींनी एकोणिसाव्या शतकात येथे सुरू केल्या. आज आपली तरुण मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी डब्लिनची वाट धरतात आणि घरी फोन केला की आधी तेथल्या पावसाची तक्रार करतात. तोही बेटावरचाच देश. त्यानेही इंग्रजांचे राज्य सोसले. त्याचेही लाखो लोक पोटासाठी जहाजात बसून परमुलखात गेले. एवढी ओळख पुरेशी आहे. त्या देशातील एका लहानशा गोष्टीकडे, म्हणजे जुन्या घडणीच्या लाकडी शिडाच्या होड्यांकडे, आज आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. त्या होड्यांच्या गोष्टीत आपल्या पिरोगींची गोष्ट आहे, आणि जरा खोलवर पाहिले तर आपल्या मराठीचीही आहे.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गॉलवेचा मोठा उपसागर आहे. त्याच्या उत्तरेला कॉनेमारा हा खडकाळ व दलदलीचा गरीब मुलूख, आणि उपसागराच्या तोंडाशी आरनची तीन बेटे. आरनवर चुनखडीचा दगड भरपूर, पण झाडे जवळजवळ नाहीत. म्हणून चुलीत घालायला जळण नाही. कॉनेमाऱ्यात दलदलीची माती विटांसारखी कापून उन्हात वाळवतात. तिला टर्फ म्हणतात व ती कोळशासारखी जळते. तेव्हा कॉनेमाऱ्याच्या लोकांनी टर्फ होडीत भरून आरनला व दक्षिणेकडील किनव्हारा गावाला न्यावे, आणि परत येताना होडीला वजन हवे म्हणून चुन्याचा दगड आणावा. तो दगड कॉनेमाऱ्याच्या आंबट जमिनीला उपयोगी पडे. एकाची चूल व दुसऱ्याचे शेत या दोन्हींचा भार ज्या होडीने वाहिला, तिचे नाव गॉलवे हूकर.

ही होडी एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. अंग डांबराने काळे केलेले, शिडे तपकिरी-तांबड्या रंगाची, नाळ धारदार, आणि बाजू वर येताना आत वळलेल्या, जणू पाणी पोटाशी धरून चाललेल्या. हिचे चार प्रकार आहेत. सर्वांत मोठी 'बॉड मोर', म्हणजेच मोठी होडी, ३५ ते ४४ फुटांची. तिच्याहून लहान 'लॅवॉड', म्हणजे अर्धी होडी. मग २४ ते २८ फुटांची 'ग्लोचोग'. आणि तेवढ्याच आकाराची पण वेगळ्या शिडाची 'पूकॉन'. ही नावे आयरिश भाषेतली आहेत. होडीच्या दोरदोरखंडांची नावेही कॉनेमाऱ्यात आयरिशच आहेत. कागदावर आराखडा न काढता डोळ्याने व हाताने होडी घडवणारी सुतारांची घराणी तेथे होती. कार्नाजवळच्या मेनिश बेटावरील केसी घराणे त्यांत प्रसिद्ध आहे.

पुढे जे व्हायचे तेच झाले. रस्ते आले, लॉऱ्या आल्या, इंजिनाच्या बोटी आल्या, चुलीच्या जागी गॅस आला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टर्फ वाहण्याचा धंदा संपला, आणि एकामागून एक हूकर खाडीच्या चिखलात कलंडून कुजू लागल्या. त्यांची हाडे, म्हणजे वाकलेल्या लाकडी फासळ्या, ओहोटीच्या वेळी उघडी पडत. येथपर्यंतची गोष्ट जगातल्या कोणत्याही किनाऱ्यावर सांगता येईल.

वेगळेपण यापुढे आहे. १९७०च्या दशकात काही लोकांनी या कुजक्या होड्या चिखलातून उचलून फळी फळी बदलून पुन्हा उभ्या केल्या. १९७८ मध्ये हूकरवाल्यांची संघटना स्थापन झाली. १९७९ मध्ये किनव्हाराला 'क्रिन्यू ना मॉड' म्हणजे होड्यांचा मेळा सुरू झाला. तो ऑगस्ट महिन्यात भरतो; जुन्या व्यापाराची आठवण म्हणून कॉनेमाऱ्याच्या होड्या उपसागर ओलांडून तेथे येतात आणि शर्यती होतात. १९८६ मध्ये पॅडी बॅरी या माणसाने 'सेंट पॅट्रिक' नावाची हूकर अटलांटिक ओलांडून अमेरिकेला नेली. ज्या होडीचा जन्म जळण वाहण्यासाठी झाला, तिने महासागर ओलांडला. आज उन्हाळाभर कॉनेमाऱ्यात गावोगाव या होड्यांच्या शर्यती असतात आणि हूकर बांधण्याची व हाकण्याची विद्या आयर्लंड सरकारच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत आहे.

याच किनाऱ्यावर सेंट मॅकडारा या संताचे एक निर्मनुष्य बेट आहे. तेथे जुने दगडी देऊळ आहे. होडी त्या बेटावरून जाऊ लागली की शीड तीनदा खाली झुकवून संताला नमस्कार करायचा, ही तेथील खलाशांची शेकडो वर्षांची चाल. दरवर्षी १६ जुलैला लोक होड्यांनी तेथे जमतात, प्रार्थना करतात व मग शर्यती लावतात. आमच्या वाचकांना हे वाचताना नारळी पौर्णिमा आठवल्याशिवाय राहणार नाही. ज्या समुद्राच्या जिवावर जगायचे त्याच्यापुढे वर्षातून एकदा वाकायचे, हे कोकणातल्या कोळ्यालाही कळले आणि कॉनेमाऱ्याच्या खलाशालाही कळले. दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नव्हते.

ही झाली गरिबांची होडी. डब्लिनच्या बाजूला दुसरी परंपरा आहे, ती सुखवस्तू लोकांची. १८८७ मध्ये डब्लिन उपसागरात 'वॉटर वॅग' नावाचा लहान होड्यांचा वर्ग सुरू झाला. त्यापूर्वी शर्यतीत असे होई की ज्याच्याजवळ पैसा जास्त तो दरवर्षी नवी, वेगवान होडी बांधून घेई आणि जिंके. टॉमस मिडलटन या गृहस्थाने असा तोडगा सुचवला की सर्वांच्या होड्या एकाच नमुन्याच्या असाव्यात. म्हणजे पैसा न जिंकता हात व डोके जिंकेल. एकाच नमुन्याच्या लहान होड्यांचा हा जगातील सर्वांत जुना वर्ग मानला जातो. १९०० मध्ये थोडा मोठा, १४ फूट ३ इंचांचा नवा नमुना आला. तो मेमी डॉइल या तरुणीने काढला. ती होडी बांधणाऱ्या सुताराची मुलगी होती. त्याच नमुन्याच्या लाकडी होड्या आजही डन लेअरी बंदरात उन्हाळ्याच्या दर बुधवारी संध्याकाळी शर्यतीला उतरतात. कचेरीतून सुटायचे, शीड चढवायचे, तासभर वाऱ्याशी खेळायचे आणि काळोखापूर्वी घरी परतायचे. यात समारंभ नाही, उद्घाटन नाही, पाहुणे नाहीत.

डब्लिनच्या उत्तरेला हाउथ बंदरात दुसरा असाच वर्ग आहे, 'हाउथ सेव्हन्टीन'. हर्बर्ट बॉइड यांनी १८९७ मध्ये आराखडा काढला. पहिल्या पाच होड्या १८९८ मध्ये उत्तरेत कॅरिकफर्गस येथे बांधल्या गेल्या व समुद्रमार्गे हाउथला आल्या. त्या अजून शर्यतीत धावतात, आणि त्याच जुन्या पद्धतीच्या शिडांनी. मार्च २०१८ मध्ये 'एमा' वादळात धक्क्यावरील शेड मोडून आत ठेवलेल्या सात होड्यांची मोडतोड झाली. आता संपले असे कोणीही म्हटले असते. मालकांनी मात्र सुतार शोधले, लाकूड आणले, आणि मोडलेल्या होड्या पुन्हा पाण्यात उतरू लागल्या. लाकडी होडीचा हा मोठा गुण आहे. तिची एक फळी कुजली तर एक फळी बदलता येते. दहा कुजल्या तर दहा. सव्वाशे वर्षांत तिचे बहुतेक लाकूड बदलले तरी ती तीच होडी राहते, कारण तिचा घाट, तिचे नाव आणि तिची माणसे तीच असतात. फायबरची होडी स्वस्त, हलकी व बिनकटकटीची खरी. पण ती टाकून दिली की वर्षानुवर्षे किनाऱ्यावर पडून राहते, कुजतसुद्धा नाही.

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. हूकरचे काम संपले होते. टर्फ वाहायला तिची गरज उरली नव्हती. तरी ती जगली, ती कशी? पुष्कळ लोक उत्तर देतील की सरकारने जगवली, किंवा पर्यटकांनी जगवली, किंवा संग्रहालयाने जपली. आमचे मत वेगळे आहे. आमच्या मते ती आनंदाने जगली; आणि त्या आनंदाला वेळापत्रक होते म्हणून जगली. ज्या वस्तूचे पोटाचे काम सुटते, तिला लोकांनी आपल्या मौजेत जागा दिली, आणि ती मौज दर आठवड्याला, दर उन्हाळ्याला न चुकता केली, तर ती वस्तू टिकते. नुसत्या अभिमानावर ती टिकत नाही.

आयर्लंडमध्येच याची उलटसुलट उदाहरणे आहेत. 'आसगार्ड' ही नौका १९०५ मध्ये नॉर्वेत बांधली गेली. तिच्यातून अर्स्किन चिल्डर्स यांनी २६ जुलै १९१४ रोजी हाउथ बंदरात ९०० बंदुका उतरवल्या. आयर्लंडच्या स्वातंत्र्याच्या इतिहासात त्या दिवसाला मोठे स्थान आहे. आज ती नौका डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात अत्यंत निगुतीने ठेवलेली आहे. ते योग्यच आहे. पण तिच्या शिडात वारा भरत नाही. दुष्काळाच्या काळात माणसे वाहून नेणाऱ्या 'जीनी जॉन्स्टन' जहाजाची प्रतिकृती मोठ्या हौसेने बांधली. खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट झाला. २००३ मध्ये ती अमेरिकेला जाऊन आली. आणि आता डब्लिनच्या नदीकाठी बांधून ठेवलेली असते, लोक तिकीट काढून आत जातात. तिसरे उदाहरण अधिक दुःखाचे आहे. 'आसगार्ड दुसरी' हे शिडाचे लाकडी जहाज आर्क्लो येथे बांधून १९८१ मध्ये पाण्यात सोडले. ते सरकारी खर्चाने चाले व त्यावर तरुण मुलामुलींना समुद्राचे शिक्षण मिळे. सप्टेंबर २००८ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ ते बुडाले. २५ माणसे होती, सर्व वाचली. पण ती वर्षे पैशाच्या तंगीची होती. सरकारने नवे जहाज बांधले नाही आणि ती योजनाच बंद केली. एका दोरीवर टांगलेले सर्व काही ती दोरी तुटताच पडते. बुधवारच्या वॉटर वॅगना मात्र तंगी आली काय नि गेली काय. त्या कोणा एकाच्या तिजोरीवर अवलंबून नव्हत्या.

याच्या समोर 'आयलेन' नावाच्या जहाजाकडे पाहा. कॉनर ओब्रायन या लिमरिककडच्या माणसाने कॉर्क परगण्यातील बाल्टिमोर गावी 'सीर्शा' नावाची ४२ फुटांची नौका बांधून घेतली. सीर्शा म्हणजे स्वातंत्र्य. २० जून १९२३ रोजी तो तिच्यातून निघाला आणि बरोबर दोन वर्षांनी, २० जून १९२५ रोजी, पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला. नव्या आयरिश राष्ट्राचा झेंडा लावून पृथ्वीभोवती गेलेली ती पहिली नौका. वाटेत दूरच्या फॉकलंड बेटांवरील लोकांना ती इतकी आवडली की त्यांनी तशीच मोठी मागवली. ती 'आयलेन', ५६ फुटांची, १९२६ मध्ये त्याच बाल्टिमोरला बांधली गेली आणि ओब्रायनने ती स्वतः फॉकलंडला पोचवली. सत्तर वर्षे तिने तेथे मेंढरे व सामान वाहिले. १९९७ मध्ये ती आयर्लंडला परत आणली. मग लिमरिकला एक शाळा काढून, सामान्य स्त्री-पुरुषांना सुतारकाम शिकवत शिकवत, आणि स्किबरीनजवळच्या ओल्डकोर्ट येथील हेगर्टी यांच्या कारखान्यात जुन्या कसबी हातांच्या देखरेखीखाली, ती नव्याने उभी केली. २०१८ मध्ये ती पाण्यात उतरली आणि २०१९ मध्ये ग्रीनलंडला जाऊन आली. येथे जहाज दुरुस्त होत असताना माणसेही तयार झाली. आम्ही शिक्षकी पेशातले; आम्हाला यातले हेच सर्वांत मोलाचे वाटते.

आणखी एक गोष्ट शिक्षक म्हणून सांगावीशी वाटते. आयर्लंड स्वतंत्र झाल्यापासून तेथील शाळांत आयरिश भाषा शिकवली जाते. २०२२च्या जनगणनेत जवळजवळ १८ लाख ७४ हजार लोकांनी आपल्याला आयरिश येते असे लिहिले. परंतु शाळेच्या बाहेर रोज ती बोलणारे किती? ७१,९६८. शंभर वर्षांच्या शाळांचे हे फळ. भाषा परीक्षेपुरती उरली की ती प्रमाणपत्रावर राहते, जिभेवर राहत नाही. आणि ज्या थोड्या ठिकाणी ती जिभेवर राहिली त्यांत कॉनेमारा आहे, जेथे शीड ओढा, दोर सोडा, वारा फिरला, हे सारे अजून आयरिशमध्ये ओरडून सांगतात. घाईच्या क्षणी तोंडातून जी भाषा निघते ती जिवंत भाषा.

वाचकहो, आता आपल्या बेटाकडे वळू. आपल्या लगूनमध्ये लाकडी पिरोगी होत्या, आजही थोड्या आहेत. माएबूरला रेगाटच्या दिवशी रंगीबेरंगी मोठमोठ्या शिडांच्या पिरोगी जेव्हा एका रांगेत वळतात, तेव्हा आपल्याही बेटाला हूकरइतकीच देखणी होडी आहे याची खात्री पटते. परंतु रोजच्या मासेमारीत इंजिन आले, लाकडाच्या जागी फायबर आले, आणि पिरोग घडवणारे सुतार म्हातारे होत चालले. विचित्र गोष्ट अशी की जहाजांचे नमुने बनवण्यात आपले बेट जगात नाव मिळवून आहे. क्युरपीप व गुडलँड्सच्या कारखान्यांत आपल्याच मुली बारीक दोऱ्यांनी इंग्रजांच्या व फ्रेंचांच्या जुन्या लढाऊ जहाजांचे नमुने विणतात आणि पर्यटक ते पेटीत घालून नेतात. ज्या बोटांत एवढी कला आहे त्या बोटांना खऱ्या पिरोगीचा दोर ठाऊक नसावा, हे आम्हाला खटकते.

कोणी म्हणेल, आपण मराठी माणसे. आपला संबंध उसाशी, समुद्राशी नाही. हे आम्हाला मान्य नाही. आपले पूर्वज बहुतांशी कोकणातले, रत्नागिरीच्या बाजूचे. गलबत, मचवा, पडाव, तांडेल, सुकाणू, नांगर हे शब्द त्यांच्या कानावरचे होते. मुंबई बंदरातून ते निघाले तेही लाकडी शिडाच्या जहाजांतूनच. त्या प्रवासात त्यांनी इतके सोसले की समुद्र म्हणजे आपल्याला आपल्या माणसांपासून तोडणारा, अशी भावना घराघरांत बसली. मुलाने पाण्याकडे जाऊ नये हे आजीचे सांगणे त्यातूनच आले असावे. पण आयरिश लोकांनीही तेच भोगले. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख मेले आणि तितकेच देश सोडून गेले. कित्येक जहाजांतच मेले. तरी त्यांची नातवंडे शीड उभारतात. दुःख वाहून आणणाऱ्या पाण्यावर पुढच्या पिढीने हसत खेळावे, यात पूर्वजांचा अपमान नाही. त्यांच्या कष्टांचा तो मोबदला आहे असे आम्ही मानतो.

२०२० मध्ये 'वाकाशियो' जहाज पॉइंट देस्नीच्या खडकावर चढले आणि ऑगस्टात त्याचे तेल लगूनमध्ये सांडले, तेव्हा काय झाले ते आठवा. हजारो लोक, सर्व जातिधर्मांचे, उसाचा पाचोळा कापडात भरून तेल अडवायला किनाऱ्यावर धावले. त्या दिवसांत ऊस आणि समुद्र एक झाले. लगून आपली आहे हे तेव्हा कळले. पण ती आपली आहे हे कळण्यासाठी दरवेळी संकटच यावे काय? शनिवारी दुपारी शिडाची होडी घेऊन तिच्यात फिरणाऱ्या मुलाला ते शिकवावे लागत नाही.

आणि मराठी मुलुखाचा या विद्येशी असलेला संबंध काही शिवकालात संपला नाही. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज एकट्याने, कोठेही न थांबता, पृथ्वीभोवती गेला. असे करणारा तो पहिला मनुष्य. त्याची नौका 'सुहेली' ही मुंबईत, सागवानी लाकडात, हिंदी सुतारांनी हातहत्यारांनी बांधलेली होती. त्या सफरीला पन्नास वर्षे झाली म्हणून २०१८ मध्ये तशीच शर्यत झाली. तीत भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी हे सुहेलीच्या नमुन्यावर गोव्यात बांधलेल्या 'थुरिया' नौकेतून निघाले. सप्टेंबरात आपल्याच हिंदी महासागरात, आपल्या बेटाच्या आग्नेयेला खूप दूर, वादळाने त्यांची डोलकाठी मोडली व पाठीला जबर दुखापत झाली. त्याच वादळात डब्लिनच्या ग्रेगर मॅगकिन यांच्याही डोलकाठ्या मोडल्या होत्या. तरी त्या आयरिश माणसाने जी काठी हाताशी होती ती उभी करून तिला शीड बांधले आणि टॉमींच्या दिशेने होडी वळवली. शेवटी फ्रेंच जहाजाने दोघांनाही वाचवून ॲमस्टरडॅम बेटावर नेले. समुद्रावरचा हा धर्म होडीतच शिकता येतो, पुस्तकातून नव्हे.

विद्या एकदा तुटली की ती पुन्हा जोडणे किती जड जाते, याचेही उदाहरण आपल्याच मुलुखातले आहे. फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने शिवून जहाज बांधण्याची आपली प्राचीन कला. तसे समुद्रगामी जहाज पुन्हा बांधायचे ठरले तेव्हा आराखडा कोठेच नव्हता. अजिंठ्याच्या लेण्यातील दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रातले जहाज पाहून अभ्यासकांना मापे बसवावी लागली, आणि केरळचे कारागीर बोलावून गोव्यात ते बांधावे लागले. 'कौंडिण्य' नावाने ते मे २०२५ मध्ये कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाले. प्रयत्न थोर आहे. परंतु भिंतीवरच्या चित्राला विचारून शिकण्यापेक्षा जिवंत सुताराला विचारून शिकणे किती सोपे! आपल्या किनाऱ्यावर असे सुतार अजून आहेत. आणखी वीस वर्षांनी असतील याची हमी आम्ही देऊ शकत नाही.

यावर काही आक्षेप येतील. ते रास्त आहेत. पहिला, की शिडाची होडी हा श्रीमंतांचा छंद आहे. डब्लिनला तो तसा होता हे खरे. पण कॉनेमाऱ्यात तो गरिबांचाच होता, आणि आपली पिरोगही कोळ्याचीच होडी आहे. लाकडी होडीला दरवर्षी खरवडणे, रंग देणे, फटी बुजवणे लागते हेही खरे. पण पाच-सहा घरांनी मिळून एक होडी ठेवली तर तो खर्च एका लग्नाच्या मांडवाच्या खर्चाहून जास्त होणार नाही, आणि ते काम चार जणांत गप्पा मारत केले तर तेही निम्मे सुख आहे. दुसरा आक्षेप, की कोळ्याने इंजिन सोडून पुन्हा शीड धरावे काय? आम्ही तसे मुळीच म्हणत नाही. पोटासाठी इंजिन असू द्या; मौजेसाठी व मुलांसाठी शीड असू द्या. तिसरा, की मुले बुडतील. बेटावरच्या मुलाला पोहता न येणे हाच मोठा धोका आहे. पोहायला शिकवा आणि अंगात तरंगते जाकीट घाला. चौथा आक्षेप सर्वांत खरा आहे: आयर्लंडमध्येही बांधणारे थोडे राहिले आहेत आणि तेथेही हे सारे थोड्या हौशी लोकांच्या खांद्यावर उभे आहे. होय. पण थोडे लोक नेमाने वागले तर किती टिकते, हेच तर आम्हाला दाखवायचे आहे.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. किनाऱ्यावरच्या गावांतील रेगाटना वर्षाचे निश्चित वेळापत्रक असावे. लाकडी पिरोगींचा वेगळा वर्ग असावा आणि त्यात शिडाचे माप एकच असावे, म्हणजे बक्षीस पैशाला न जाता हाताला जाईल. प्रत्येक जुन्या सुताराकडे दोन तरुण उमेदवार द्यावेत व त्यांना वेतन मिळावे. हे काम सरकारने करावे, कारण ते एकट्या सुताराच्या ऐपतीबाहेर आहे. मासिके, मंडळे व बैठका चालवणाऱ्या आपल्या लोकांनी नारळी पौर्णिमेला मुलांना किनाऱ्यावर न्यावे. नारळ वाहून झाला की त्यांना होडीत बसवावे आणि शीड, डोलकाठी, वल्हे, सुकाणू हे शब्द होडीतच शिकवावेत. आमचा अनुभव असा की फळ्यावर लिहिलेला 'सुकाणू' हा शब्द मुलगा परीक्षेनंतर विसरतो. ज्याच्या हातात सुकाणू एकदा आले तो विसरत नाही.

आणि हेच आपल्या मराठीविषयी. आपण स्पष्ट बोलू. या बेटावर मराठीचे पोटाचे काम उरलेले नाही. बाजार क्रिओलमध्ये होतो, कचेरी इंग्रजीत व फ्रेंचमध्ये चालते. हूकरवरचा टर्फ जसा लॉरीने नेला, तसे मराठीचे काम दुसऱ्या भाषांनी नेले. त्याबद्दल रडण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की काम गेलेल्या या भाषेला आपण संग्रहालयात ठेवणार, की पाण्यात उतरवणार? वर्षातून एकदा गणपतीला आरती म्हणणे, व्यासपीठावर मातृभाषेचा गौरव करणे आणि मुलाला परीक्षेच्या गुणांसाठी मराठी घ्यायला लावणे, हे सारे करावेच. पण ते आसगार्डला रंग देण्यासारखे आहे. आपल्याला हवी आहे ती एक बुधवारची संध्याकाळ. आठवड्यातून एक तास, घरात किंवा बैठकीत, जेथे मराठीतून गोष्ट सांगावी, गाणे म्हणावे, झाकरी खेळावी, चेष्टा करावी, भांडावेसुद्धा. जेथे परीक्षा नाही, पाहुणे नाहीत, हार नाहीत. चुका होतील. होऊ द्याव्यात. फळी कुजली तर फळी बदलावी, होडी जाळू नये.

डन लेअरीच्या लोकांनी सव्वाशेहून अधिक वर्षे एवढेच केले: ठरलेल्या दिवशी ते आले. बाकी वाऱ्याने केले.